१६५९ सालचा जावळीचा पायदळी मावळा: बारा पोशाख हातानं शिवायचेत, मदत हवीय

जरंडा_पायथा (सातारा)

नमस्कार मंडळी, धागा लांबणार आहे, वेळ काढून वाचा.

साताऱ्यात आमचा वीसेक जणांचा ग्रुप आहे. सुट्टीला गडावर जायचं, झाडलोट करायची, प्लास्टिक गोळा करून खाली आणायचं, असं सहा वर्षं चालूय. शिवप्रतापदिनाला आम्ही वेष करून प्रतापगडावर जातो आणि ते वेष दरवर्षी भाड्याचे असतात. भगव्या सॅटिनची बंडी, कडेला सोनेरी लेस, पाठीला वेल्क्रो आणि आधीच बांधून शिवून टाकलेला टोपीसारखा फेटा. ह्या वेळी पायथ्याच्या पार नावाच्या गावाकडनं वर चढत होतो तर बांधावर एक म्हातारे बाबा बसलेले, त्यांनी माझी बाही दोन बोटांत धरली, चोळून बघितली आणि विचारलं, "ह्यात घाम जिरतोय का रं?"

जिरत नव्हता. अर्धा गड चढेपर्यंत आतला बनियन पिळून काढावा असा झालेला. ते एक वाक्य तेव्हापासून डोक्यातनं गेलेलं नाही. महाराजांच्या माणसांसारखं दिसायचं म्हणून आपण जे घालतो त्यात ती माणसं एक घाटसुद्धा चढू शकली नसती.

म्हणून ठरवलंय की पुढच्या वर्षासाठी बारा पोशाख स्वतः करायचे. साल १६५९, महिना नोव्हेंबर, माणूस जावळी खोऱ्यातला साधा पायदळी. सरदार नाही, हवालदारसुद्धा नाही. घरी शेती, दसरा झाला की मोहिमेवर, असा.

एक चाळणी मी लावलीय, चुकत असेन तर सांगा. सिंगरचं शिलाई मशीन १८५१ चं, मुंबईत पहिली कापड गिरणी निघाली १८५४ ला आणि पहिला कृत्रिम रंग १८५६ चा. म्हणजे मशीनची टीप, गिरणीचं कापड आणि पुडीचा रंग ह्यातलं एक जरी अंगावर असलं तरी तो पोशाख १६५९ चा नाही. मग उरतं हातमागाचं, हातानं कातलेल्या सुताचं, हातानं शिवलेलं कापड आणि झाडापाल्याचा रंग. इथपर्यंत कळलं. पुढं कट कसा, डोक्याला काय, पायात काय, सगळं विचारायचंय.

वाईघाट

साल आणि माणूस दोन्ही आधी ठरवलंत हे फार बरं केलंत, बहुतेकांचा घोळ तिथंच होतो. आपल्या डोळ्यासमोर जो मावळा येतो ना त्याच्या अंगावर तीन शतकं एकावर एक चढवलेली असतात. फेटा एकोणिसाव्या-विसाव्या शतकातल्या फोटोतला, अंगरखा पेशवाईतल्या चित्रातला आणि छातीवरचा चामडी पट्टा सिनेमातला.

मी वाईचा, मेणवली इथनं हाकेच्या अंतरावर. नाना फडणवीसांच्या वाड्यातली भित्तिचित्रं लहानपणापासून बघतोय, सुंदर आहेत, पागोट्याच्या घड्या मोजता येतात. पण ती अठराव्या शतकाच्या शेवटाकडची. तुमच्या मावळ्याच्या नातवाच्या नातवानं काय घातलं असेल ते त्यात दिसेल. आणि उलट्या बाजूला आमच्याच तालुक्यातलं किकली, भैरवनाथाच्या देवळापाशी वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड, आहेत ते यादवकाळाच्या आसपासचे. त्यात लढणारा माणूस उघड्या अंगाचा, कमरेला आखूड वस्त्र घट्ट कसलेलं, केसांचा बुचडा. एकीकडं किकली, दुसरीकडं मेणवली आणि तुमचं १६५९ मधल्या मोकळ्या जागेत.

त्या मोकळ्या जागेत सगळ्यात जवळची चित्रं म्हणजे विजापूर आणि गोवळकोंड्याची. वाई तेव्हा आदिलशाहीतच होती, अफजलखान स्वतः वाईचा सुभेदार होता, त्यामुळं दरबारी कपड्यांची पद्धत तिकडचीच. मीर मुहम्मद ह्या चित्रकारानं मनुची ह्या इटालियन प्रवाशासाठी काढलेलं घोड्यावरच्या महाराजांचं चित्र पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, १६८६ च्या आधीचं, त्यात बरोबर चालणारी पायदळी माणसं आहेत. नेटवर मोठ्या साइजमध्ये मिळतं, तीच माणसं बघा, घोडा बाजूला ठेवा. एकूणच जुनी चित्रं बघताना मधला राजा सोडून कोपऱ्यात बघायची सवय लावा: मोतद्दार, भोई, हुजरे, पखालजी, गुराखी. तुमचा माणूस कायम कोपऱ्यात असतो.

आणि चित्रावर लिहिलेलं नाव डोळे झाकून मानू नका. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ ला व्हॅलेंटाइन ह्या डच लेखकाच्या ग्रंथातलं महाराजांचं चित्र उजेडात आणलं, तोपर्यंत कुणा इब्राहिमखानाचं चित्र शिवाजी महाराजांचं म्हणून घरोघरी लागलेलं होतं!

मोडीवाचक_मिरज

वाईघाट यांच्याशी सहमत. मी कागदांच्या बाजूनं थोडं सांगतो.

कृष्णाजी अनंत सभासदाची बखर १६९७ च्या सुमारास जिंजीला लिहिली गेली, म्हणजे प्रतापगडाच्या प्रसंगानंतर साधारण अडतीस वर्षांनी, पण लिहिणारा महाराजांच्या काळात वावरलेला. भेटीला निघताना महाराजांनी काय घातलं ते तो सांगतो, जरीची कुडती, डोईला मंदील म्हणजे जरीचं पागोटं, मंदिलाला तोडा आणि पायात चोळणा घालून कास कसली. ह्यातला चोळणा शब्द धरून ठेवा. गुडघ्यापर्यंतची आखूड सैल विजार. खुद्द राजासुद्धा झटापटीच्या दिवशी पायघोळ काही घालत नाही, चोळणा घालून वर कास मारतो. मग डोंगर चढणारा पायदळी काय घालेल ह्याचा अंदाज त्यावरनं येतो.

एक अडचण कायम लक्षात ठेवा. कागदात कापडचोपड येतं ते बहुतेक दिल्या-घेतल्याचं. सणंग, शेला, तिवट, किनखाब, दुपेटा अशा याद्याच्या याद्या सापडतील, पण त्या मानाच्या वस्त्रांच्या. बाजीरावांना १७२० ला तुमच्या जिल्ह्यातच मसूरला पेशवाईची वस्त्रं मिळाली, तसल्या प्रसंगाची नोंद होते. जावळीच्या शेतकऱ्यानं बंडी कुठं शिवली ह्याची नोंद कोण करणार? म्हणून कागद, चित्र आणि आज गावात उरलेलं, ह्या तिन्हीत जे जुळतं तेवढंच घ्यायचं. आणि शब्द सारखा असला म्हणजे वस्तू सारखी असं समजू नका, अंगरखा म्हणून दोनशे वर्षांत वेगवेगळं काय काय शिवलं गेलंय.

कऱ्हाडकर_सर

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नये. मी शाळेत आहे. शिवजयंतीला आमची सव्वाशे पोरं वेष करतात, आयाबाया दोन-अडीचशे रुपयांत बाजारातनं ड्रेस आणतात, काहीजणी तेवढे पण कुठनं तरी उसने करून आणतात. आता उद्या कुणी म्हणायला लागलं की हे चुकीचं, हातमागाचं पाहिजे, तर त्या माऊलीनं काय करायचं? पोराच्या छातीत जे भरून येतं ते सॅटिनमध्ये पण येतंच की. इतिहासाची गोडी लागणं आधी, अचूकता मागनं.

जरंडा_पायथा (सातारा)

सर, राग कसला, माझी पण सुरुवात तशाच ड्रेसमध्ये झाली, आईनं साडीचा शेला करून दिलेला. पोरांच्या ड्रेसबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण आम्ही मोठी माणसं गडावर उभं राहून लोकांना सांगतो की बघा, असे होते मावळे. पर्यटक फोटो काढतात, पोरं प्रश्न विचारतात, काका हे खरं असंच होतं का. त्या पोराला हो म्हणायचं तर मला आधी खात्री पाहिजे.

आणि खर्चाचं म्हणाल तर खरा पोशाख कदाचित गरिबाच्याच आवाक्यातला निघेल. एक धडुतं, एक घोंगडं, डोक्याला मुंडासं.

माणदेशी_८७

घोंगड्याचा विषय निघालाच हाय तर बोलतो, आमच्या घरात तीन पिढ्या मेंढरं हायती, माझा आजा खांद्यावर घोंगडं टाकल्याबिगर दारात सुदीक जात नव्हता.

जावळीच्या माणसाला नोव्हेंबरात घोंगडं पायजेच. रात्री अंथरूण, पहाटे पांघरूण, थंडीत अंगाभोवती गाठ मारून मोकळ्या हातानं काम करता येतं, पावसात डोक्यावर खोळ करायची, भाकरी-कांदा बांधायचा तरी तेच. आणि घोंगडं म्हंजे काळं, मेंढराच्या अंगचाच काळा रंग, त्याला रंगवायला लागत न्हाई. लोकर कातरायची, पिंजायची, सूत कातायचं, मग सनगर, म्हंजे घोंगडी विणणारे, लोक खड्ड्यातल्या मागावर विणत्यात आणि ताण्याला चिंचोक्याची खळ लावत्यात. नवं घोंगडं त्या खळीनं कडक असतंय, अंगाला टोचतंय, वापरून वापरून मऊ पडतंय. बाजारात आता मऊमऊ रंगीत घोंगडी मिळत्यात ती हात लावून बघा, बऱ्याच वेळा मशीनच्या सुताची असत्यात.

खरी अडचण दुसरीच हाय. काळ्या लोकरीची दख्खनी मेंढरं कमी झाली. आमच्याकडं आणि जतकडं लोक माडग्याळी मेंढरं पाळत्यात, ती मटणाला चांगली, वजन घेत्यात, पण अंगावर लोकर नावालाच. लोकरीला भाव न्हाई म्हणून कातरलेली लोकर टाकून देणारे पण बघितल्यात मी. तुम्ही बारा घोंगडी एकदम मागितली तर एका घरातनं निघायची न्हाईत. म्हसवडकडं आधी सांगून ठेवा, चार महिने तरी धरा. माझ्याकडनं दोन जुनी देतो, आज्याची, पण ती परत पायजेत बरं का.

कृष्णाकाठ_सांगली

सगळं वाचलं, छान चाललंय, पण बारा पोशाखांत बाईचा एकही नाही हे खटकलं. गडावर, गडाच्या पायथ्याला, मोहिमेच्या वाटेवरच्या गावात बायका होत्याच ना. भाकऱ्या कुणी थापल्या? निदान दोन तरी करा आणि तो नाटकातला शिवलेला नऊवारी घेऊ नका, ज्याला आत विजारीसारखे पाय असतात तो. लुगडं नेसायचंच असतं, काष्टा घालून, मग त्यात उकिडवं बसता येतं, चढता येतं, शेतात वाकता येतं. चोळी समोर गाठ मारायची. बटण, हूक काही नाही. पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात तारीफ-ए-हुसेनशाही म्हणून अहमदनगरच्या निजामशाहीतली हस्तलिखित पोथी आहे, १५६५ च्या राक्षसतागडीच्या (तालिकोटच्या) लढाईनंतर लगेचची, तिच्यातल्या बायकांची साडी-चोळी बघा, साधारण शंभर वर्षं आधीची पण मुलूख तोच.

आता रंगाचं, कारण माझं काम तेच आहे, मी दहा वर्षं झाडापाल्याच्या रंगाचं काम करते, सांगलीत घरीच दोन भट्ट्या आहेत. जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, जास्तीत जास्त कपडे बिनरंगाचे ठेवा. रंगाला पैसे पडतात. आणि बिनरंगाचं म्हणजे पांढरंशुभ्र नाही, आपला आजचा पांढरा टिनोपॉलचा आहे, निळसर चमकणारा. कोरं कापड पिवळट असतं, ते रिठ्यात नाहीतर राखेच्या पाण्यात उकळून उन्हात टाकून टाकून हळूहळू उजळतं. नव्याजुन्या धुण्याचे फरक बारा जणांत दिसले पाहिजेत, एकाचं मळखाऊ, एकाचं उजळ.

डोक्याची मुंडाशी रंगवा, पाहिजे तर. लाल पाहिजे असेल तर आल म्हणजे आपली बारतोंडी, तिच्या मुळांच्या सालीचा रंग. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात, वाळवून मग तुरटीत, मग सालीबरोबर मंद आचेवर. हिरडा तर जावळी-महाबळेश्वरच्या रानातलाच, ह्यापेक्षा जवळचा काय असणार. हा लाल धुतला तरी टिकतो, विटकरीकडं झुकणारा असतो, कुंकवासारखा भडक नाही. काळा पाहिजे तर तोच हिरडा आणि लोखंड. गंजके नाल, खिळे, गूळ, पाणी मडक्यात दोन-तीन आठवडे झाकून ठेवायचं, आंबल्यावर गाळून हिरड्याच्या कापडावर घातलं की डोळ्यादेखत काळं पडतं. पण लोखंडाच्या काळ्यानं सूत वर्षांनी कुजतं हे लक्षात असू द्या.

निळा म्हणजे नीळ, तिला आंबवलेलं पिंप लागतं, कापड बाहेर काढताना पिवळट-हिरवं असतं आणि वारा लागला की निळं होतं. पहिल्यांदा बघताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

आणि कुसुंबी! करडईच्या पाकळ्यांचा. माण, खटाव, जतला करडई आहेच. सुक्या पाकळ्या फडक्यात बांधून गार पाण्यात मळत राहायच्या, पिवळं पाणी सगळं जाऊ द्यायचं, ते संपलं की पापडखाराच्या पाण्यात मळायच्या, आता लाल उतरतो, मग त्यात लिंबू पिळत जायचं आणि कापड गारच बुडवायचं. भट्टीवर ठेवलंत की रंग मेला. इतका देखणा गुलाबी दुसऱ्या कशातनं येत नाही, पण उन्हात उडतो, लगेच उडतो. म्हणून तो सणासुदीचा, पायदळ्याच्या रोजच्या डोक्याचा नाही.

भगव्याबद्दल मला काळजीपूर्वक बोलायचंय. तो रंग आपल्या मनात फार खोल आहे, माझ्याही आहे. पण तेव्हाच्या पायदळाला गणवेश नव्हता. बाराच्या बारा बंड्या एका भगव्या थानातनं कापल्यात तर ती आजची कल्पना झाली. भगवा झेंड्याला ठेवा. काव म्हणजे तांबडी माती आणि पळसाची फुलं, दोन्हीनं मी करून देईन, झेंडा माझ्याकडनं.

जरंडा_पायथा (सातारा)

ताई, बायकांचं बरोबर आहे, चूक झाली, दोन नाही तीन करू, ग्रुपमधल्या तिघी तयार आहेत, त्यांनी मला हेच आधी ऐकवलं होतं. गणवेश नव्हता हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. आम्ही खरंच एका मापाच्या बारा बंड्या कापायला निघालो होतो.

शिंपीकाका_औंध

उशिरा वाचलं. पंचेचाळीस वर्षं कात्री चालवली, आता डोळे साथ देत नाहीत, पण हातशिलाईचं बोलू शकतो. आमच्या औंधच्या भवानी संग्रहालयात जाऊन चित्रंही बघत असतो.

बाळ जरंडा, आजच्या शिवणकामातलं बरंच आधी विसरायचं. आजचा कट म्हणजे मुंढ्याला गोलाई, खांद्याला उतार, छातीला फिटिंग. जुन्या कपड्यात कात्री सरळ चालते. कारण कापड हातानं विणलेलं, महाग, एक चिंधी वाया घालवायची नाही. हातानं धोटा, म्हणजे आडव्या सुताची नळी, फेकायचा तर विणकराचे हात पुरतील तेवढाच पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, दोरी ओढली की आपोआप पळणारा धोटा युरोपात १७३३ ला आला, आपल्याकडं कितीतरी नंतर. म्हणून अरुंद पन्ह्याचे चौकोनी तुकडे जोडायचे. अंगाला एक सरळ पट्टी पुढनं मागं, खांद्यावर शिवणच नाही. बाह्या म्हणजे दोन लांबट चौकोन, सरळ जोडायच्या. आणि बगलेत चौबगला, म्हणजे टीचभर चौकोनी तुकडा तिरका बसवायचा. तो चौबगला नसेल तर तलवारीचा हात वर केला की अख्खी बंडी वर येते नाहीतर बगलेत टरकते. सॅटिनच्या ड्रेसची बगल का फाटते ते आता कळेल. घेर पाहिजे तर बाजूला कळ्या घालायच्या, एक चौकोन तिरका कापला की दोन कळ्या होतात, वाया काही जात नाही.

शिवण धावदोऱ्यानं, जिथं ताण आहे तिथं बखिया म्हणजे मागं घेऊन घातलेला पक्का टाका, कडा आत दुमडून तुरपाई. बटणं नाहीत, बांधायचे बंद. बाराबंदी नाव कशावरनं पडलं, बंदांवरनंच. सोलापूरला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज धरणारे अजून पांढरी बाराबंदी घालतात, एकदा जाऊन जवळनं बघा, अंगावरचं जिवंत कापड कागदापेक्षा जास्त शिकवतं.

आणि बाराच्या बारांना बंडी नको. कष्टाच्या माणसाच्या अंगावर शिवलेलं कमी, गुंडाळलेलं जास्त. चार-पाच जण उघड्या अंगानं, कास मारलेलं धोतर, मुंडासं आणि घोंगडं. थंडी वाजेल, पण बरोबर दिसेल.

वाईघाट

काका, चौबगल्याचं वाचून अंगावर काटा आला. अख्ख्या गावात हा शब्द मी फक्त माझ्या आजीच्या तोंडी ऐकला होता.

जरंडा_पायथा (सातारा)

साडेतीन महिन्यांनी येतोय, माफ करा. काय झालं ते सगळं सांगतो, चुकांसकट.

कापड: हातकताईची खादी घेतली, पन्हा छत्तीस इंच. पहिल्या दोन बंड्या न धुताच कापल्या, शिवल्या, धुतल्या आणि त्या पोरांच्या मापाच्या झाल्या. छत्तीसचा पन्हा तेहतीसवर आला. पुढचं सगळं कापड तीन वेळा रिठ्यात उकळून मगच कात्री लावली. देशी कापसाचं सूत मिळालं नाही, आज गिरण्यांना लांब धाग्याचा कापूस लागतो, देशी आखूड धाग्याचा कापूस कातणारं जवळपास कुणी सापडलं नाही, त्यामुळं ही उणीव राहिलीय आणि विचारणाऱ्याला आम्ही ती सांगणार.

वेळ: एका बंडीला हातानं चौदा तास. सुरुवातीला सतरा लागत होते. बोटांना भोकं पडली, मग अंगुस्तान, म्हणजे बोटात घालायची टोपी, घेतलं.

बगल: काकांचा चौबगला बसवला आणि पहिल्यांदा बंडी घालून हात वर केला, कमरेपाशी कापड जागचं हललं नाही. ग्रुपमधले सगळे आळीपाळीनं हात वर करून बघत होते.

आता सगळ्यात मोठी चूक. सात बंड्या झाल्या, बंद लावून झाले, फोटो काढले, मिरजेच्या दादांना पाठवले आणि त्यांचा पाच मिनिटांत फोन, बंद कुठल्या बगलेत आहेत बघ. बघितलं तर सातही बंड्यांचे उजव्या बगलेत. आजच्या पुरुषांच्या शर्टाला डावी बाजू वर येते, आमच्या हातांना तीच सवय, आम्ही तसंच केलं. आणि त्या काळी जामा-अंगरख्याचे बंद हिंदू डाव्या बगलेत बांधायचे आणि मुसलमान उजव्या, जुन्या चित्रांत माणूस ओळखायला अभ्यासक हेच बघतात. म्हणजे आम्ही चारशे वर्षांपूर्वीच्या कुणाच्याही नजरेला पहिल्या क्षणी जे दिसलं असतं तेच चुकवलं होतं. सातही उसवल्या. सगळ्या. पल्ला, म्हणजे पुढचा वर येणारा भाग, उलटा करून परत शिवल्या, त्यात तीन रविवार गेले.

मोडीवाचक_मिरज

उसवल्यात हे वाचून फार बरं वाटलं. फोटोत चालून गेलं असतं, तरी उसवल्यात. जाम्याची ती खूण गावच्या बंडीला किती पाळली जायची हा वेगळा विचार, पण पाळायची तर डावीच.

कृष्णाकाठ_सांगली

झेंडा तयार आहे. मुंडाशी नऊ झाली, चार आलीची, दोन लोखंडाची काळी, तीन नुसती कोरी. एक कुसुंबी केलंय जास्तीचं, ते कुणीतरी लग्नघरातनं थेट आलाय असं समजून त्याच्या डोक्याला बांधा, पण दोन उन्हं लागली की फिकं पडेल, पडू द्या.

माणदेशी_८७

घोंगड्याचं काय झालं? म्हसवडनं किती मिळाली?

जरंडा_पायथा (सातारा)

दादा, पाच नवी आणि तुमच्या आज्याची दोन, अशी सात. नवी खरंच अंगाला टोचतात. परवा रात्री आठ जण प्रतापगडाखाली पार गावात मुक्कामाला राहिलो, मुद्दाम, फक्त ह्याच कपड्यात, स्लीपिंग बॅग नाही. पहाटे दव पडलं, घोंगडं वरनं ओलं आणि आतनं कोरडं. चढताना बंडी घामानं ओली झाली आणि वर वारा लागला तशी पाच-दहा मिनिटांत वाळायला लागली. सॅटिनमध्ये हे कधी झालं नव्हतं. काष्ट्याचं आमच्या तिघींनी सांगितलं की पायऱ्यांवर ट्रॅकपँटपेक्षा सोपं गेलं. वहाणा मात्र ओल्या कातळावर घसरतात, दोघं पडले, तिसऱ्यानं हातात काढून घेतल्या आणि अनवाणी चढला, बहुतेक खरी माणसंही तेच करत असतील असं त्या क्षणी वाटलं.

त्या बाबांना शोधलं, गावात नव्हते, लेकीकडं गेलेत म्हणे. सुनेला बंडी दाखवली, तिनं बगल उलटी करून शिवण बघितली आणि चहा ठेवला.

शिंपीकाका_औंध

उसवलेल्या जागी जुनी भोकं दिसत असतील. कापड ओलं करून नखानं घास, सूत परत सरकून बसतं. खादीत बसतं.

जरंडा_पायथा (सातारा)

काका, बसलं, आत्ताच करून बघितलं.

अजून दोन चोळ्या, एक चोळणा आणि पाच मुंडाशांच्या कडा राहिल्यात. रविवारी सकाळी दहाला साताऱ्यात राजवाड्याजवळ बसतोय, संध्याकाळपर्यंत. येणाऱ्यांनी आधी इथं सांगा म्हणजे जेवणाचं बघतो. सुई, दोरा, मेण आमच्याकडं आहे, अंगुस्तान आपापलं आणा.